दुमड सोडायचा दिवस

आमच्या शाळेत युनिफॉर्मची दुमड सोडायच्या आधी मुलांना अनवाणी भिंतीला टेकवून उभं करतात. टाचा भिंतीला, मान सरळ, डोक्यावर लाकडी पट्टी आडवी, आणि मग पेन्सिलीनं खूण. नव्यानं आलेल्या मास्तरांना हा उगाचचा खटाटोप वाटतो. परवाच त्यांतले एक मला म्हणाले, "सर, स्कर्ट लांब करायचाय की पोलिसात भरती करायचीय?" माझा राग नाकावर असतो हे सगळ्या शाळेला ठाऊक आहे, त्यामुळे बाकीचे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. पण मी कप खाली ठेवून उठलो. ही भिंत कुणी सुरू केली आणि का, ते त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलेलं नाही. चहाच्या सुट्टीत सांगून होण्यासारखं ते नाहीच. म्हणून लिहायला बसलो आहे.

भिंत सुरू केली शिवणाच्या बाईंनी. त्या म्हणायच्या, भिंतीला कुणी गळ घालू शकत नाही.

मुलं त्यांना टेपबाई म्हणत. गळ्यात मोजायची टेप असायची, ती शाळा सुटली तरी निघायची नाही. भाजी आणायला तशाच, बँकेत तशाच. एकदा आमच्या लेखनिकाच्या मुलीच्या लग्नाला ठेवणीतले कपडे घालून, केस नीट बांधून आल्या आणि गळ्यात टेप. मी म्हटलं, "बाई, हार नवीन केलात वाटतं?" त्यांनी खाली पाहिलं, टेप काढून पर्समध्ये कोंबली आणि म्हणाल्या, "तुम्ही आपला भूगोल शिकवा." मला त्या कधी सर म्हणाल्या नाहीत. कायम 'भूगोलवाले'. माझं नकाशांचं कपाट शिवणाच्या खोलीत होतं, कारण दुसरीकडे कुठे ते मावत नव्हतं. त्यामुळे वर्षानुवर्षं आमचं शेजारपण, आणि शेजाऱ्यांची असतात तशी भांडणं. त्यांच्या इस्त्रीच्या वाफेनं माझे नकाशे पोक येऊन वाकतात, आणि माझ्या नकाशांच्या धुळीनं त्यांचं पांढरं कापड मळतं. दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या.

बाई एकट्याच. बाजाराच्या टोकाला दोन खोल्या भाड्यानं घेतलेल्या, शहरात एक भाऊ, त्याच्या मुलांना दर सुट्टीत कपडे शिवून पाठवायच्या आणि ते लहान झाले असं कळलं की खूश व्हायच्या. उंचीला इतक्या कमी की मशीनच्या पायट्यावर पाय पोचावेत म्हणून शिपायानं त्यांना खाली फळी ठोकून दिली होती. बोलायच्या दातांतून, कारण ओठांत टाचण्या. त्यांना राग आला की त्या आधी एकेक टाचणी काढून उशीला टोचत, तेवढ्यात समोरचं पोर पळून जाई. मी एकदा शाळेच्या जुन्या फोटोंबद्दल बोलत होतो तर म्हणाल्या, "आमच्या वर्गाच्या प्रत्येक फोटोत मी पहिल्या रांगेत, खाली मांडी घालून. मागे स्टुलावर उभं राहायचं होतं हो मला, एकदा तरी. कोण उभं करतंय!" हसत हसतच म्हणाल्या, पण हे त्यांनी मला निदान चार वेगवेगळ्या निमित्तांनी सांगितलं. जिवाला लागलेलं होतं.

आता ती दुमड काय ते सांगायला हवं. आमची शाळा आठवी ते दहावी. आजूबाजूच्या वस्त्यांवरून मुलं चालत, सायकलीवर, दुधाच्या गाडीच्या मागे बसून येतात. दरवर्षी नवा युनिफॉर्म शिवणं पूर्वी कुणालाच झेपायचं नाही. म्हणून आठवीत एकदाच शिवायचा, आणि खाली भरपूर कापड आत दुमडून ठेवायचं. वर्ष सरलं की दुमडीचा एक पदर सोडायचा, पुढच्या वर्षी दुसरा. मुलींचा स्कर्ट आणि मुलांची पँट, दोन्हींचं तसंच. आता परिस्थिती सुधारली, तयार कपडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, पण पद्धत गेली नाही. मुलंच जाऊ देत नाहीत.

त्याला कारण आहे. बाहेरचं कापड उन्हापाण्यानं विटतं, आत दडलेलं गडद राहतं. दुमड सोडली की खाली गडद निळा पट्टा दिसतो आणि जुन्या घडीच्या जागी एक पांढुरकी रेघ उमटते. ती रेघ काही केल्या जात नाही. धुऊन जात नाही, इस्त्रीनं जात नाही. आणि आमच्या शाळेत माणसाची किंमत त्या रेघेवर. आठवीतले 'कोरे'. नववीला एक रेघ, दहावीला दोन. दोन रेघांनी घंटा वाजवायची, संचलनात मोठा ड्रम घ्यायचा, वाचनालयात खिडकीजवळ बसायचं. एका रेघेनं बागेला पाइपनं पाणी घालायचं. कोऱ्यांनी खुर्च्या उचलायच्या आणि मैदानातले कागद वेचायचे. हे कुठल्या नियमावलीत नाही. आमच्या हेडसरांनी एकदा फर्मान काढलं की यापुढे जबाबदाऱ्या गुणांनुसार मिळतील. त्या दिवशी घंटाच वाजली नाही. पहिल्या नंबराचा मुलगा घंटेपाशी गेला आणि दोन रेघांच्या नजरा बघून परत आला. फर्मान दुसऱ्या दिवशी गुपचूप फलकावरून निघालं.

शाळा उघडली की महिनाभरात दुमड सोडायचा दिवस. सगळी पोरं घरच्या कपड्यांत, युनिफॉर्म हातात घेऊन शिवणाच्या खोलीबाहेर रांगेत. बाई टाके कापणार, इस्त्री फिरवणार, कापड झटकून दाखवणार, आणि बाहेर आरडाओरडा, "पडली! रेघ पडली!" मला त्या दिवशी शिकवायला मिळत नाही म्हणून मी चडफडतो, आणि दरवर्षी खिडकीत उभा राहून बघतोही. त्या वयात सगळीच मुलं वाढतात. म्हणून मुलांच्या त्या कायद्यात न वाढणाऱ्याची सोयच कुणी केलेली नव्हती.

टाचणी आठवीत आली तेव्हा तिला हे नाव बाईंनीच दिलं. बारीक, लहानखुरी, टोकदार. आई फळांच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला, वडील लांबच्या रस्त्यावर ट्रक चालवायचे, महिन्यातून एखाद-दोनदा घरी. मधल्या सुट्टीत ही पोरगी मैदानात जायच्या ऐवजी शिवणाच्या खोलीत यायची आणि लोहचुंबक घेऊन जमिनीवरच्या सांडलेल्या टाचण्या गोळा करायची. तोंड अखंड चालू. सगळ्या मास्तरांच्या नकला करायची. माझीही करायची. एकदा मी कपाटामागे नकाशा शोधत होतो आणि बाहेर माझाच आवाज ऐकू आला, "वाळवंट कुठाय? अरे, वाळवंट इथाय! तुझ्या डोक्यात!" मी बाहेर आलो तेव्हा बाईंच्या तोंडातल्या सगळ्या टाचण्या हसून हसून जमिनीवर पडल्या होत्या आणि टाचणी टेबलाखाली. ओरडायला तोंड उघडलं, पण मलाही हसू आवरेना. नक्कल झकास होती.

तिचा जीव मोठ्या ड्रमवर होता. दोन बोटांत शिवणाची दोन लोखंडी टोपणं, अंगुस्तानं, घालून टेबलावर संचलनाचा ठेका धरायची. बाई म्हणायच्या, "आधी ड्रमएवढी तरी हो." ती म्हणायची, "होते ना. दोन रेघा पडू देत."

नववीचा दुमड सोडायचा दिवस आला. पुढचं मला बाईंनी नंतर सांगितलं, पण इतक्यांदा सांगितलं की मी तिथे होतो असंच वाटतं. टाचणीची पाळी आली, बाईंनी स्कर्ट तिच्या कमरेला लावून पाहिला. गेल्या वर्षी जिथे येत होता तिथेच येत होता. केसभरही वर गेलेला नव्हता.

"तुझा राहू दे गं यंदा. बरोबर बसतोय," बाई म्हणाल्या.

पोरीचा चेहरा पडला. "म्हणजे मी कोरी?"

"वर्षभरानं सोडू. पळून जातेय का दुमड?"

"बाई, सगळ्यांची सोडली. मागच्या बाकावरच्या त्या दोघींची पण सोडली. मला आठवीतल्या पोरांबरोबर कागद वेचायला लावतील." मग रडू आलं तिला. आवाज न करता, नुसती खाली बघून. "थोडीशी सोडा ना. तुम्हाला येतं. तुम्हाला सगळं येतं."

बाहेर रांग ओरडत होती. बाईंनी स्कर्ट ठेवून घेतला, म्हणाल्या, उद्या ये. संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी खालची दुमड एक पदर सोडली. तेवढंच कापड वर कमरेच्या पट्टीत आत घेऊन, घडी घालून, बारीक टाक्यांनी शिवून टाकलं. खाली रेघ पडली, गडद पट्टा दिसला आणि लांबी होती तेवढीच राहिली. शर्ट खोचल्यावर कमरेतली घडी कुणाला दिसणार? काम सुरेख झालं होतं. बाईंना त्या कामाचं कौतुक वाटलं होतं, हेही त्यांनी मला सांगितलं, आणि सांगताना स्वतःच्याच तोंडावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी स्कर्ट बघून टाचणीनं बाईंच्या गळ्यात हात टाकले. "कुणाला सांगायचं नाही हं बाई. आईला पण नाही." बाई म्हणाल्या, नाही सांगत. वर म्हणाल्या, "मीही अशीच बुटकी होते. मेले का?"

त्या वर्षी टाचणी एका रेघेच्या ऐटीत वावरली. बागेला पाणी घालताना कोऱ्यांवर मुद्दाम पाइप फिरवायची. भाव खायची नुसता. मात्र हिवाळा सरता सरता ती वर्गात पेंगायला लागली. पाण्याची बाटली सारखी तोंडाला. सकाळी डोळ्यांखाली सूज. मी विचारलं तर म्हणाली, "सर, तुमचा तास आहे ना, म्हणून झोप येते." वर्ग हसला. आता त्या पोरीला कोण काय विचारणार!

एके दिवशी तिची आई शिवणाच्या खोलीच्या दारात आली. अंगावर शेडमधला एप्रन तसाच, हाताला पेटीच्या लाकडाच्या बारीक कुसळांचे ओरखडे. मी नकाशा गुंडाळत होतो.

"बाई, तुमचे आभार मानायला आले," ती म्हणाली. "पोरगी दमते म्हणून दवाखान्यात नेली होती. डॉक्टर म्हणाले, वाढ कशी आहे हिची? वाढतेय ना अंगानं? मी स्कर्टची रेघच दाखवली त्यांना. म्हटलं, ही बघा, वर्षात एवढी वाढली. ते म्हणाले, मग काळजी नाही, या वयात दमतात पोरी. टॉनिक दिलंय."

बाईंनी मान हलवली. हातातली कात्री त्यांनी टेबलावर ठेवली, परत उचलली, परत ठेवली. आई निघून गेल्यावर मी म्हटलं, "काय झालं हो?" तर म्हणाल्या, "काही नाही. दोरा संपला." दोऱ्याची रिळं समोर रचून ठेवलेली होती. मला वाटलं, दमल्या असतील.

बाईंनी त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर, हा विचार माणसाच्या मनात येणारच. तो बाईंच्या मनात येऊन येऊन तिथे खड्डा पडला होता, आपण आणखी खणायला नको. पण मी त्यांना ओळखत होतो. त्यांच्या डोळ्यांसमोर आजारी मुलगी नव्हतीच. फोटोच्या पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेली मुलगी होती. बुटकं असणं हा आजार असू शकतो, हे बुटक्या माणसाला कसं सुचावं? आणि त्यांनी पोरीला शब्द दिला होता.

दहावीच्या वर्षी परत तो दिवस आला. स्कर्ट अजून तिथेच. या वेळी बाई घाबरल्या. म्हणाल्या, "टाचणी, तुझ्या आईला घेऊन ये. मला बोलायचंय."

"ड्रम मिळाला की बोला. मग काय बोलायचं ते बोला," टाचणी म्हणाली. "संचलन होईपर्यंत थांबा ना, बाई. एवढंच."

आणि बाईंनी दुसरा पदर सोडला, आणि वर दुसरी घडी घेतली. आता कमरेशी कापडाचा गठ्ठा झाला होता. पोटावर जाड लागतं, असं टाचणी दोनदा म्हणाली, पण काढा म्हणाली नाही. दोन रेघा पडल्या. पीटीच्या सरांनी ड्रमचा पट्टा तिच्या खांद्यावर चढवताना शंका काढली, "पोरी, तू ड्रमला उचलणार की ड्रम तुला?" सगळ्या पथकानं गलका केला, "दोन रेघा आहेत, सर!" मग सरांचं काय चालतं! ड्रम तिला मिळाला. मागून पाहिलं तर ड्रमला दोन पाय फुटून तो मैदानात हिंडतोय असं वाटायचं. पण ठेका असा पक्का, की वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता माझा खडू त्या तालावर पडायला लागला.

क्रीडा महोत्सवाच्या आधीच्या तालमीत ती मैदानाच्या मधोमध थांबली. पथक पुढे गेलं आणि ठेका बंद पडला. ती आधी ड्रमवर ओणवली, मग ड्रमसकट आडवी झाली. मी खिडकीतून पाहिलं. बाई माझ्याआधी धावल्या, अनवाणी, गळ्यातली टेप खांद्यावरून मागे उडत होती.

तालुक्याच्या दवाखान्यातून तिला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. मी आणि बाई भेटायला गेलो. लांबलचक व्हरांडा, भिंतीला लावलेली लोखंडी बाकं, फिनेलचा वास. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सरळ बोलल्या. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ निकामी. आत हे बरंच आधीपासून चाललेलं. "मूल वाढायचं थांबतं, ही यातली पहिली खूण असते," त्या म्हणाल्या. "तेव्हा आणलं असतं तर औषधांवर खूप निभावलं असतं. कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?"

टाचणीची आई समोर उभी होती. बाई बाकावर बसल्या त्या उठेचनात. मी पाणी आणून दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं.

टाचणीला भेटलो तेव्हा ती उशीला टेकून बसली होती, चेहरा सुजून वेगळाच दिसत होता. "सर, वाळवंट कुठाय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "माझ्या डोक्यात." ती हसली. बाईंकडे बघून हळूच म्हणाली, "सांगितलं नाही ना?" बाईंनी मान हलवली, नाही. काही आठवड्यांनी ती गेली. संचलन त्या वर्षी झालं नाही. मुलांनीच ड्रमला खोळ घालून ठेवला, आम्हाला कुणाला न विचारता.

बाई सुट्टीनंतर शाळेत आल्या, पण कात्रीला हात लावेनात. मुलं शिवण घेऊन यायची आणि बाई नुसत्या बघायच्या. मग एका दुपारी, खोलीत आम्ही दोघंच असताना, त्यांनी मला सगळं सांगितलं. मी ऐकत राहिलो. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. असा आला की कपाटाचं दार आपटलं मी. मग त्यांच्याकडे पाहिलं. फळीवर पाय ठेवून बसलेली एवढीशी बाई. राग कुठे गेला कळलंही नाही.

"तिच्या आईला सांगायला हवं," त्या म्हणाल्या. "ती मला काय बोलायचं ते बोलू दे. जोड्यानं मारू दे. पण माझ्याबरोबर चला, भूगोलवाले. मला एकटीला त्या घराची पायरी चढवणार नाही."

दुमड सोडायचा दिवस जवळ आला होता; भिंतीवरची पहिली खूण त्याच दिवशी पडली, पण ते नंतर. रविवारी सकाळी आम्ही गेलो. पॅकिंग शेडच्या मागे कामगारांच्या खोल्यांची रांग, टाचणीचं घर टोकाचं. एकच खोली, मध्ये पडदा. पडद्याच्या अलीकडे स्टोव्ह आणि भांडी, पलीकडे पलंग. खिडकीत दोन पितळी चमचे ठेवलेले, त्यांची टोकं ठोकून ठोकून चपटी झालेली. वडील ट्रकवर होते. आईनं आम्हाला पाट दिले आणि चहाला आधण ठेवलं.

बाई बसल्या नाहीत. उभ्यानंच बोलल्या. पहिली रेघ, दुसरी रेघ, कमरेतली घडी, दवाखाना, सगळं. शब्द दातांतून येत होते, तोंडात टाचण्या नसतानाही. शेवटी म्हणाल्या, "तुमची पोरगी वाढत नव्हती आणि ते फक्त मला माहीत होतं. मी लपवलं."

आईनं स्टोव्ह बारीक केला.

"बसा आधी," ती म्हणाली. "बाई, स्कर्ट धुतं कोण? मीच ना? पहिल्याच धुण्याला कळलं मला. कमरेशी कापड वाळेना. उलटा करून पाहिला तर आत घडी."

मीच विचारलं, "मग डॉक्टरांना..."

"त्यांनी विचारलं, वाढतेय ना. मला नाही म्हणता येईना, सर. नाही म्हटलं असतं तर ते पुढे काहीतरी बोलले असते. ते ऐकायला मी एकटी होते तिथे. हे तिकडे रस्त्यावर, फोन लागत नाही. मला ते ऐकायचं नव्हतं. म्हणून रेघ दाखवली." तिनं बाईंकडे पाहिलं. "तुम्ही पाडून दिली होती, म्हणून दाखवायला होती तरी. आणि शाळेत येऊन तुमचे आभार मानले ना, ते खोटे नव्हते हो. त्या रात्री मला झोप लागली होती."

त्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. बाई शिव्या खायला आल्या होत्या, आणि इथे त्यांना कुणी शिव्याही देईना. दोघींनी मिळून एकच गोष्ट लपवली होती, एकमेकींपासूनही, आणि त्या तिसरीसाठी. चहा उतू गेला, तो कुणी उचलला नाही. शेवटी मीच उठून स्टोव्ह बंद केला.

मग आई पडद्यामागे गेली आणि स्कर्ट घेऊन आली. धुतलेला, घडी घातलेला. दोन्ही रेघा स्पष्ट दिसत होत्या.

"एक काम करून द्या मला," ती म्हणाली. "कितीदा हातात घेतला, माझ्यानं धीर होत नाही. ही पट्टी उसवून द्या. आतलं सगळं सोडा."

बाईंनी पर्समधून छोटी कात्री काढली. कितीतरी दिवसांनी. टाके त्यांचेच होते, कुठे सुरू झाले ते डोळे मिटून सापडलं असतं. एकेक टाका तुटत गेला. पहिली घडी सुटली, मग दुसरी. आतलं कापड बाहेर आलं, बाहेरच्यापेक्षा गडद निळं, इतके दिवस ऊन न पाहिलेलं. बाईंनी स्कर्ट सवयीनं झटकला आणि आईच्या हातात दिला.

आईनं तो स्वतःच्या कमरेला लावला. दोन्ही हातांनी पट्टी धरून सरळ उभी राहिली आणि खाली बघायला लागली. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि खालची कड हातानं सरळ करायला लागल्या, कुणाच्याही स्कर्टची करतात तशी. कड आईच्या गुडघ्याच्या जरा खाली, जिथे यायला हवी तिथेच आली होती.

"एवढी झाली असती का हो?" आईनं विचारलं.

बाईंनी कड सोडली नाही. खालीच बघत म्हणाल्या, "एवढीच झाली असती. तुमच्याएवढी."